काही सुचत नाही!

दिवाळीच्या अंकात फार गंभीर काही लिहू नये, चकली-चिवड्याच्या बशीशेजारी ते शोभत नाही, असे संपादक दरवर्षी प्रेमाने बजावतात. यंदा मात्र त्यांची रीतसर परवानगी काढून मी या सदरात एका पत्राला उत्तर देत आहे. पत्र एका घरातले असले तरी प्रश्न अनेक घरांतला आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आली की तो हमखास डोके वर काढतो.

पत्र सांगलीकडच्या एका बाईंचे आहे. त्यांचा मुलगा मुंबईत एका कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून हात चांगला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत ‘अ’ श्रेणी. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा असो की गल्लीतल्या गणपतीची आरास असो, बोलावणे त्यालाच. बारावीला गुण बरे पडूनही त्याने चित्रकलाच धरली, आणि वडिलांनी मनातून धास्तावत का होईना, फी भरली. पहिले वर्ष छान गेले. आता मात्र दोन महिने झाले, मुलाने आपण होऊन कागदाला पेन्सिल लावलेली नाही. वर्गातले काम कसेबसे उरकतो. फोनवर एकच वाक्य : “आई, काही सुचत नाही.” वडिलांचे म्हणणे, सुचत नसेल तर परत आणू आणि बी.कॉम.ला घालू, अजून वेळ गेलेली नाही. बाई विचारतात, “सर, स्फूर्ती अशी आटते का? आटली तर पुन्हा येते का? आणि तोवर आम्ही काय करायचे?”

आता, मी काही चित्रकार नव्हे. मराठी शिकवून संसार चालवणारा माणूस. पण हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. आमच्या वर्गात दरवर्षी पाच-सात तरी कवी दाखल होतात. पहिल्या वर्षी त्यांच्या वह्या भरभरून वाहत असतात. पाऊस पडला की कविता, परीक्षा झाली की कविता, कोणी वळून पाहिले की दोन कविता. दुसऱ्या वर्षी अभ्यासाला केशवसुत येतात, मर्ढेकर येतात आणि या वह्या एकाएकी कपाटात जातात. मुलांना वाटते, आपली प्रतिभा संपली. प्रत्यक्षात संपलेले असते ते अज्ञान. चांगली कविता म्हणजे काय हे त्यांना पहिल्यांदाच कळलेले असते आणि त्या नव्या नजरेपुढे स्वतःची ओळ फिकी दिसू लागते.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याचेही बहुधा हेच होते. गावच्या शाळेत तो एकटाच चित्रकार होता. मुंबईत त्याच्या वर्गातला प्रत्येकजण आपापल्या गावचा एकटा चित्रकार होता! शिवाय वर्षभर चांगली चित्रे पाहून, मास्तरांचे ऐकून त्याचा डोळा भराभर तयार झालेला असतो. हात मात्र हळूहळू तयार होतो. त्याला वर्षे लागतात. डोळा पुढे गेला आणि हात मागे राहिला की काढलेली प्रत्येक रेघ खोटी वाटू लागते. मग मुलगा रेघ काढणेच बंद करतो, आणि त्याला नाव देतो, ‘सुचत नाही’. सुचत असते; सुचलेले पसंत पडत नसते. बाईंनी ही गोष्ट प्रथम मनाशी धरावी. हे थांबणे पुष्कळदा वाढीचे लक्षण असते. मूल एकाएकी उंच झाले की जुने कपडे आखूड होतात, तसे काहीसे.

पण एवढ्यावर भागत नाही. डोळा पुढे गेला, हे समजल्याने हात आपोआप पुढे येत नाही. त्यासाठी ‘स्फूर्ती’ या शब्दाकडेच जरा नीट पाहिले पाहिजे, आणि शब्दांकडे पाहणे हा माझा धंदाच आहे. स्फूर्ती आली असे आपण म्हणतो, तेव्हा ती बाहेरगावची पाहुणी असावी, गाडीने येते, आपण स्टेशनवर वाट पाहत उभे राहायचे, असे चित्र मनात असते. मूळ संस्कृत धातू आहे ‘स्फुर्’. त्याचा अर्थ फुरफुरणे, थरथरणे, चमकणे. बाहू स्फुरतात, डोळा स्फुरतो. जे अंगात आहे तेच हलू लागणे, असा त्याचा भाव आहे. बाहू मुळात असावा लागतो, मग तो स्फुरतो. न कमावलेल्या दंडाला स्फुरण चढत नाही, हे तालमीतला कोणताही वस्ताद सांगेल.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रकारांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्य कशामुळे निर्माण होते याचा विचार करताना तीन गोष्टी सांगितल्या. एक ‘शक्ती’, म्हणजे उपजत प्रतिभा. दुसरी ‘निपुणता’, ती जग, शास्त्रे आणि आधीच्या कवींची काव्ये यांच्या निरीक्षणातून येते. तिसरा ‘अभ्यास’, तोही जाणकाराच्या शिकवणीखाली केलेला. यातली गंमत अशी की, गोष्टी तीन सांगूनही मम्मटाने ‘हेतू’ हा शब्द एकवचनी वापरला आहे. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवून म्हटले की, ही तीन वेगवेगळी कारणे नव्हेत; तिन्ही मिळून एकच कारण. नुसत्या प्रतिभेवर विसंबून राहणाऱ्याला मम्मटाच्या दरबारी जागा नाही.

त्याच्याही आधी, इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारात राजशेखर होऊन गेला. त्याचा पणजोबा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गाजलेला, तेव्हा हा राजशेखर थोडासा आपल्या घरचाच. त्याने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या सांगितली आहे. ज्या कामाला ठरलेली वेळ नाही ते काम विस्कटते, म्हणून दिवसाचे प्रहर वाटून घ्यावेत, असे तो म्हणतो. सकाळी विद्यांचा अभ्यास. दुसऱ्या प्रहरी रचना. जेवणानंतर जाणकारांच्या बैठकीत चर्चा. आणि चौथ्या प्रहरी, सकाळी जे रचले त्याची एकांतात किंवा मोजक्या माणसांत तपासणी. कारण रसाच्या भरात असलेल्याला दोष दिसत नाहीत. लिहिण्याचे साहित्य सदैव हाताशी असावे, हेही तो सांगायला विसरत नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ आपल्या सांगलीच्या मुलाला दोन फार कामाच्या गोष्टी सांगून गेला आहे. काढण्याची वेळ ठरलेली असावी, आणि काढण्याची व तपासण्याची वेळ एक नसावी. काढता काढताच जो स्वतःला गुण देत बसतो, त्याची रेघ पुरी होत नाही. वाढताना प्रत्येक घास चाखून ‘अळणी आहे हो’ म्हणणाऱ्या यजमानिणीच्या घरी पाहुणे कसे जेवणार?

आता चित्रकारांच्याच घरात डोकावू.

कोल्हापूरचे एक तरुण जानेवारी १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. पुढे ते तेथेच शिक्षक झाले आणि निवृत्त झाले ते १९३१ साली. १९४० मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. या माणसाने पौराणिक चित्रे काढली, ऐतिहासिक काढली, व्यक्तिचित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती, पुस्तकांतली चित्रे, सारे काही. ऑटो रॉथफील्ड यांचे हिंदुस्थानातील स्त्रियांवरचे १९२० चे इंग्रजी पुस्तक धुरंधरांच्या चित्रांनीच सजले आहे. त्यांच्या चित्रांची व रेखाटनांची मोजदाद हजारांत करावी लागते. आता विचार करा, एवढ्या वेळा स्फूर्ती त्यांच्या दाराशी येऊन कडी वाजवत असेल का? रस्त्याने चाललेली कोळीण, तिच्या लुगड्याचा काचा, पाटीला लावलेला हात, हे दिसले की काढायचे, असा हा व्यवहार. नजरेला आणि हाताला एकमेकांची सवय झाली की मध्ये ‘सुचण्या’ला अडायला फारशी जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, ते धुरंधर होते. आमच्या मुलाचे काय? त्याला समोर काय ठेवावे हेच कळत नाही. तर त्यावर याच कलाशाळेने दीडशे वर्षांपूर्वी दिलेले उत्तर आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत, अधूनमधून खंड पडत, शाळेचे मुख्याध्यापक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. गुहांतल्या भिंतीवरची चित्रे कॅनव्हासवर जशीच्या तशी उतरवून घ्यायची, हे काम. पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने नाव मिळवणारे पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले एक. डोळ्यांना ताण देणारा अंधार, भिंतीचे पोपडे उडालेले, आणि समोर एखाद्या अनामिक चित्रकाराने दीड हजार वर्षांपूर्वी वळवलेली एक मान, एक बोट. त्या बोटाची रेघ हुबेहूब येईपर्यंत सुटका नाही. स्वतःचे काही सुचायचा प्रश्नच नव्हता. परंतु दुसऱ्या थोर हाताच्या मागून असे दिवसचे दिवस चालत गेल्यावर आपल्या हातात काय उतरते, ते गाणे शिकणाऱ्यांना विचारा. गुरूने दिलेला पलटा शंभर वेळा घोटताना ‘माझे स्वतःचे काय?’ असे विचारणारा शिष्य कोणत्याही घराण्यात टिकलेला नाही.

या प्रतींचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. त्यांतल्या पुष्कळशा लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतीही १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत अशाच गेल्या होत्या. वर्षानुवर्षांचे काम राख झाले. ग्रिफिथ्स यांनी उरल्यासुरल्या साधनांवर १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. पण ज्यांनी त्या प्रती केल्या त्यांच्या हातातली रेघ काही जळाली नाही. विद्यार्थिदशेतल्या कामाची खरी कमाई कागदावर नसते, ही गोष्ट फी भरणाऱ्या वडिलांनीही ध्यानात घ्यावी.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचेच. आबालाल रहिमान. यांनीही मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. पण मुंबईत न राहता ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते वारले तोवर त्यांनी काय काढले? कोटितीर्थ आणि रंकाळा. पुन्हा कोटितीर्थ, पुन्हा रंकाळा. कधी सकाळ, कधी तिन्हीसांज, कधी पाण्यावर धुके, कधी झाडांच्या सावल्या. विषय संपला म्हणून ते गाव सोडून गेले नाहीत. कारण तळे तेच असले तरी उजेड रोज नवा होता. नव्या विद्यार्थ्याला वाटते, सुचायचे म्हणजे नवा विषय सुचायचा. मग हिमालयात जाऊ, राजस्थानात जाऊ, असे बेत होतात. आबालालांना घरापासून चार पावलांवरचे पाणी जन्मभर पुरले. आपल्या मुलाला महिनाभर एकच विषय घेऊन पाहायला काय हरकत आहे? आईची शिवणाची मशीन घ्यावी. तीस दिवस, तीस चित्रे. पहिल्या पाच-सात चित्रांत मशीनच दिसेल. दहाव्या-बाराव्या चित्राला मुलगा कंटाळेल, चिडेल. तेथून पुढे, मशीनविषयी सांगण्यासारखे सारे संपल्यावर, त्याला उजेड दिसू लागेल, सावलीचा आकार दिसू लागेल, चाकामागची मोकळी जागा दिसू लागेल. चित्रकाराचे काम खरे तेथे सुरू होते.

आणि हा अंक ज्यांच्या हाती आहे त्यांना दीनानाथ दलालांची आठवण करून देण्याचे कारण नाही. गोव्यात १९१६ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९७१ मध्ये निधन होईपर्यंत मराठी घरांत दिवाळीबरोबर आपली चित्रे पोहोचवली. मुखपृष्ठे किती, आतली चित्रे किती! दिवाळीची तारीख काही चित्रकाराला विचारून ठरत नाही. छापखाना खोळंबलेला, लेखकाची कथा आयत्या वेळी आलेली, आणि चित्र उद्या सकाळी हवे. असे असता ‘आज सुचत नाही’ म्हणण्याची सोयच नव्हती. मुदतीत केलेले काम हलके, असा समज कलेच्या विद्यार्थ्यांत असतो. मला तर वाटते, मुदत ही गरिबाघरची स्फूर्ती आहे. वर्गातल्या सोबत्यांनी मिळून दर शनिवारी एकमेकांना एक तरी चित्र दाखवायचे ठरवले, तरी बरेच काही सुचू लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मास्तरांनी घाण्याला बैल जुंपावा तसा मुलगा कामाला जुंपला. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा जगाने ती थांबून पाहिली. म्हणजे चित्रांची संख्या हे माप नव्हे. पण गायतोंड्यांची स्तब्धता आणि आपल्या मुलाची स्तब्धता यांत फरक आहे. गायतोंडे चित्राचाच विचार करीत गप्प असत. आपला मुलगा गप्प असतो तेव्हा बहुधा त्याच्या हातात मोबाईल असतो.

मी मोबाईलचा वैरी नव्हे. पण या एका बाबतीत तो चित्रकलेच्या विद्यार्थ्याला खरोखरी बाधतो. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांपुढे अख्ख्या हिवाळ्यात एक भिंत असे. आजच्या विद्यार्थ्यापुढून एका तासात जगभरची शेकडो चित्रे सरकत जातात, तीही प्रत्येकाचे सर्वोत्तम तेवढेच. डोळ्याला अजीर्ण आणि हाताला उपास! मग हात आणखीच मागे पडतो. चित्रे पाहायचीच तर समोर उभे राहून पाहावीत. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सांगलीहून औंधही काही फार दूर नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय तेथे १९३८ पासून आहे. एका दिवशी एकच चित्र पाहावे, अर्धा तास पाहावे, आणि घरी येऊन आठवणीतून काढावे. आठवणीत जे उरते ते आपले असते.

आणि थोरामोठ्यांवरही हा प्रसंग येतो, हे मुलाला सांगा. सय्यद हैदर रझा नागपूरला आणि मग मुंबईला चित्रकला शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले, नाव झाले. तरीही पुढे त्यांना आपल्याच चित्रांविषयी असमाधान वाटू लागले. इतकी वर्षे केले ते ठीक, पण यात माझे काय, हा प्रश्न. तेव्हा त्यांना सापडला तो ‘बिंदू’. तो कोठून आला? मध्य प्रांतातल्या एका खेड्यात, लहानग्या रझाचे अभ्यासात लक्ष लागत नसे, म्हणून शाळेच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे पाहत बसवले होते. तो ठिपका मनात कोठेतरी पडून होता. चार-पाच दशकांनी त्यातून पुढची सारी चित्रे निघाली. मात्र तो सापडला तोवर रझा ब्रश खाली ठेवून बसले नव्हते.

प्रभाकर बरवे यांनी तर या कोऱ्या जागेलाच आपला विषय केला. ते वर्षानुवर्षे वह्यांत विचार टिपून ठेवीत, शेजारी छोटी रेखाटने करीत. १९९० मध्ये त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक निघाले. कलेच्या विद्यार्थ्याने ते जरूर मिळवून वाचावे. चित्र होत नाही त्या दिवशी वही होऊ शकते. आज काय पाहिले, कोणता रंग कशाशेजारी होता, काय खटकले, एवढे चार ओळींत लिहिले तरी दिवस वाया जात नाही.

आता त्या घरासाठी दोन शब्द. वहिनी, आधी एक गोष्ट तपासा. मुलगा जेवतो का, झोपतो का, मित्रांशी बोलतो का? चित्राबरोबर हेही सारे थांबले असेल, तर तो स्फूर्तीचा प्रश्न नाही; विनासंकोच चांगल्या डॉक्टरांकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही. हे सारे ठीक असेल, तर दिवाळीला तो घरी आल्यावर पाहुण्यांपुढे “काढून दाखव रे मामांचे चित्र” असे करू नका. “नवीन काय काढलेस?” हेही नको. जो कर्जात आहे त्याला रोज शिल्लक विचारू नये. त्याला महागडा कागद आणून देण्याचा मोह होईल, तोही आवरा. चाळीस-पन्नास रुपयांचा एकेक कागद समोर असला की हात दबून जातो. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पाने, वर्तमानपत्रे, वाण्याकडची बदामी रद्दी असू द्या. त्यावर बिघडले तर कोणाचे काही जात नाही, आणि बिघडवल्यावाचून हात पुढे येत नाही.

आणि वडिलांचा प्रश्न. तो मला मुळीच गैर वाटत नाही. ज्याच्या पगारातून वसतिगृहाचे पैसे जातात त्याने उद्याची चिंता करू नये, असे म्हणणे सोपे आहे; ते म्हणणाऱ्यांनी ती फी भरावी! पण निर्णय आत्ता, मुलगा थकलेला असताना घेऊ नये. शेतकरी पाऊस लांबला म्हणून आषाढातच जमीन विकत नाही. मुलाशी सरळ बोलून मार्चअखेरपर्यंतची मुदत ठरवा. तोवर रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास, एकच विषय, रद्दी कागद, संध्याकाळी तपासणी. कोणाला दाखवायचे नाही, गुणांशी संबंध नाही. मार्चमध्ये त्याने आपल्या मनाला एवढेच विचारावे की, कोणी पाहत नसताना, कोणी मागत नसताना माझा हात पेन्सिलीकडे जातो का? जात असेल तर तेथेच राहू द्या, सुचेल की नाही याची काळजी नको. जात नसेल तर बी.कॉम.ला जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दोन वर्षे तयार झालेला डोळा जन्मभर त्याच्या कामी येईल. पण ते उत्तर त्याला स्वतःला मिळायला हवे. आपण दिलेले उत्तर तो आयुष्यभर आपल्याच नावे मांडून ठेवील.

तोवर घरात त्याच्या चित्रांविषयी बोलायचेच झाले, तर वडिलांनी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर येईल तसे दुकानाकडे वळावे : “काय रे, पेन्सिली संपल्या का?”